झुंबरबाईच्या सुनेचं पित्त

"सरका जरा, पित्ताचा पेशंट हाय," असं म्हणत झुंबरबाईनं कोपरानं एक शाळामास्तर आणि एक कोंबड्यांची पाटी बाजूला केली आणि सून ललिताला जीपच्या खिडकीशी बसवलं. ललिताचं पोट तिच्या आधी आत शिरलं. जीपमधल्या सगळ्यांनी एकमतानं डोंगराकडं पाहिलं.

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर ललिताला पाऊस ओसरल्यापासून पित्त होतं. उलट्या झाल्या तेव्हा पित्त. चिंच मागितली तेव्हा पित्त. पोट दिसायला लागलं तेव्हा झुंबरबाईनं जाहीर केलं, की पित्त वाढलंय. पाड्यावरचं शेंबडं पोरही खरं काय ते ओळखून होतं, पण झुंबरबाईच्या घरातली बातमी झुंबरबाईनं सांगितल्याशिवाय बातमी होत नाही, असा तिथला रिवाज. आणि ही बातमी ती सांगत नव्हती.

का, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिची लेक सरिता पहिल्यांदा पोटुशी राहिली, तेव्हा झुंबरबाईनं दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर पेठच्या भर बाजारात गूळ वाटला होता. तिचा आवाजही असा, की या टेकडीवरून हाक मारली तर पलीकडच्या टेकडीवरची जनावरं परत फिरावीत. त्या आवाजात तिनं आनंद केला. पोर बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळासकट गेली. नजर लागली, असं लोक म्हणाले. कुणाची, ते कुणी म्हणालं नाही. झुंबरबाईनंच ठरवून टाकलं, की आपल्या जिभेची. त्या दिवसापासून तिनं आनंदाची कुठलीच गोष्ट मोठ्यानं सांगितली नाही. गाय व्यायली तरी ती म्हणायची, गाईला बरं वाटत नाय.

आरोग्य खात्याची आशाताई छाया पहिल्यांदा ललिताचं नाव नोंदवायला आली, तेव्हा झुंबरबाईनं विचारलं, "पित्ताची नोंद सरकार कवापासून ठेवतंय?" छाया त्याच पाड्याची सून. ती वाद घालत बसली नाही. तिनं लोहाच्या गोळ्या पित्ताच्या म्हणून दिल्या, सुई पित्ताची म्हणून टोचवली, आणि नर्सबाई रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली तेव्हा पित्त मोजायचं नवं मशीन आल्याचं कळवलं. झुंबरबाई गोळ्या मोजून खाऊ घालायची. पित्ताची इतकी शिस्तशीर देखभाल तालुक्यात कुठं झाली नसेल.

दिवाळी झाली आणि सगळं फिसकटलं. ललिताचा नवरा राजू दरवर्षीप्रमाणे दिंडोरीकडं द्राक्षबागांच्या कामाला निघाला. बागवाला जोडी मागतो, एकट्याला कोण ठेवणार? ललिताही गेली. तिकडं ना छाया, ना मशीन. शिमग्याला ती एकटी परतली ती सुजलेले पाय घेऊन. आज सकाळी विहिरीवर ती डोकं धरून खाली बसली आणि म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत. छाया हातातला हंडा तिथंच टाकून धावली.

"डोकं दुखतंय ना? मग पित्तच की," झुंबरबाई म्हणाली.

इतक्या महिन्यांत या पित्ताला पहिल्यांदाच एक खरं लक्षण मिळालं होतं, आणि नेमकं तेच जीवावर बेतणारं होतं. छायानं ललिताला हात देऊन उठवलं. मग म्हणाली, "काकू, हे पित्त आता पेठच्या मोठ्या मशीनवर मोजावं लागंल. आत्ताच्या आत्ता."

म्हणून ही जीप, आणि मागच्या बाकावर छाया.

जीप चंदरची. तिची बॅटरी कधीच गेलेली. सकाळी उतारावर ढकलून ती चालू करायची आणि दिवस मावळेपर्यंत बंद करायची नाही, हा चंदरचा नेम. एकदा वाटेत अंत्ययात्रा आडवी आली, तेव्हाही त्यानं टोपी काढली पण एंजिन बंद केलं नाही. आज तो प्रत्येक खड्ड्याला वळसा घालत होता.

"आज एवढा हळू?" मास्तरांनी विचारलं.

"पित्ताला धक्के सोसत नाय," चंदर गंभीरपणे म्हणाला. मास्तरांनी मान डोलावली आणि आपली पाण्याची बाटली पित्ताकडं सरकवली.

वाटेत एक फाटा लागतो. आत सरिताचं सासर. फाटा जवळ आला की झुंबरबाई पदर पुढं ओढून दुसरीकडं बघते, आणि जीपमधलं बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं. आजही थांबलं. त्या शांततेत ललिता हळूच म्हणाली, "आई, मला समोरचं धुरकट दिसतंय."

चंदरनं आरशात पाहिलं. त्यानंतर त्यानं एकही खड्डा चुकवला नाही. हॉर्नवरचा हात निघाला नाही, समोरून येणारी एसटी निमूटपणे कडेला झाली, पाटीतली एक कोंबडी सुटून मास्तरांच्या मांडीवर बसली आणि मास्तरांनी तिला पेठ येईपर्यंत विद्यार्थ्यासारखं धरून ठेवलं.

दवाखान्यातले डॉक्टर अश्विन नाशिक शहरातले, नवे. त्यांना रिवाज कुणी सांगितला नव्हता.

"काय होतंय?"

"पित्त," झुंबरबाई म्हणाली.

डॉक्टरांनी ललिताकडं पाहिलं, मग छायाकडं. छाया पंख्याकडं बघत होती. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजी, हे पित्त लाथा मारतंय."

मग त्यांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांची थट्टा तिथंच संपली. भराभर सुया निघाल्या, नाशिकला फोन झाला, गाडी मागवली. हात चालू ठेवूनच ते झुंबरबाईला विचारत होते, की डोकं कधीपासून दुखतंय, सूज कधीपासून. झुंबरबाईनं नीट सांगितलं, आणि विचारलं नव्हतं तेही पुढं सांगत गेली. आता तोंड सुजंल. मग डोळं पांढरं होतील. दात बसतील, अंग झटकं देईल.

डॉक्टरांचा हात थांबला. "हिला झटके आले?"

"हिला नाय. माझ्या सरीला."

डॉक्टर तिच्याजवळ येऊन उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, की तोही हाच आजार होता. रक्तदाबाचा. हिला अजून झटके आलेले नाहीत, आणि ते येऊ नयेत म्हणूनच ही सगळी धावपळ.

"नजरंनं नाय होत?"

"नाही."

"आईनं बाजारात गूळ वाटला, मोठ्यांदा सांगितलं, म्हून?"

"बोलण्यानं कुणाचा रक्तदाब वाढत नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. त्यांना अजून त्यांचे वरिष्ठ भेटले नसावेत. पण झुंबरबाईला तेवढं पुरलं. तिनं पदर कमरेला खोचला. मग छायाच्या हातातला फोन घेऊन तरातरा बाहेर ओट्यावर गेली. बाजाराचा दिवस होता, आवार बायाबापड्यांनी भरलेलं होतं.

"राजू," ती म्हणाली, आणि कैक वर्षं म्यान करून ठेवलेला तो आवाज एकदाचा बाहेर आला. "ललिता पोटुशी हाय. पोटुशी. नाशिकला नेतोय तिला, बाग सोड आन ये."

पलीकडून राजूनं बापाला शोभेल इतपत आश्चर्य दाखवलं आणि लगेच निघतो म्हणाला. आवारातली जीपची मंडळीही थक्क झाली. अगं बाई, हो का, कधी कळलं, असं म्हणत बायांनी तिला घेरलं. सगळ्यांत जास्त थक्क मास्तर झाले. त्यांच्या काखेत अजून ती कोंबडी होती. तेवढ्यात गाडी आली. झुंबरबाई ललिताच्या उशाशी बसली आणि सावळघाट चढताना, उतरताना, नाशिकच्या सिग्नलवरसुद्धा, खिडकीतून दिसेल त्याला सांगत राहिली.

मुलगी झाली. मुठीएवढी. बरेच दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि झुंबरबाई पेटीपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला सांगायची, ही माझी नात. नर्सना ते माहीत होतं. तरी त्या दर वेळी हो का म्हणायच्या.

घरी परतायच्या दिवशी पेठहून चंदरचीच जीप. ललिता खिडकीशी, शेजारी राजू, झुंबरबाईच्या मांडीवर दुपट्यातली पोर. प्रत्येक थांब्यावर झुंबरबाई डोकं बाहेर काढून खबर देत होती, आणि जीप पाटीतून सुटलेल्या कोंबड्यांसकट पुढं पळत होती.

फाटा आला. बोलणं सवयीनं थांबलं. चंदरनं सवयीनं वेग वाढवला.

"थांब रं," झुंबरबाई म्हणाली.

ती पोरीला घेऊन उतरली. आत जाणाऱ्या पायवाटेवर कुणी नव्हतं, नुसतं ऊन होतं. तिनं पोरीच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं, पोर वाटेच्या दिशेला थोडी वर धरली आणि या खेपेला आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "सरे, आत्या झालीस गं तू."

ती तिथंच उभी राहिली. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की तिचं बोलणं नीट ऐकू आलं, कारण घरघर थांबली होती. चंदरनं एंजिन बंद केलं होतं.

मग बाळंतीण आणि बाळ आत ठेवून बाकीच्यांनी जीप ढकलली. झुंबरबाईनंही खांदा लावला.