चार कोटींची इमारत

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गच्चीवर टेप लावली, उडालेल्या पत्र्यांचे फोटो काढले आणि खाली येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. वादळाला पाच दिवस झाले होते. चौथ्या मजल्यावरचे दोन्ही भाडेकरू नातेवाइकांकडे पथारी टाकून होते आणि छप्पर कधी होणार, म्हणून रोज फोन करत होते.

"नुकसान अठरा लाखांचं दिसतंय," तो म्हणाला. "पण मॅडम, कंपनीकडून काही मिळायचं नाही."

छोटीने मान डोलावली. सेहेचाळीस वर्षांची झाली तरी बाबांच्या लेखी ती छोटीच, आणि बाबा मालक असल्यामुळे सगळ्या इमारतीच्या लेखीही. कारभार मात्र तीच बघायची.

"नुकसानीतला पहिला वाटा मालकाचा असतो. वादळात तो नुकसानीवर धरत नाहीत, अर्जात लिहिलेल्या किमतीवर धरतात. पाच टक्के. तुम्ही लिहिलेत चार कोटी. म्हणजे वीस लाखांपर्यंत तुमचं तुम्ही निस्तरायचं." त्याने पाण्याचा ग्लास संपवला. "खरं सांगू? ही इमारत अडीच कोटींच्या वर जात नाही. तेवढेच लिहिले असते तर साडेपाच लाख हातात पडले असते."

नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. आठ वर्षांपूर्वी मामाने स्वतःची इमारत साडेतीन कोटींना विकली. मेहुण्यापुढे हार खायची बाबांना सवय नव्हती. त्याच आठवड्यात विम्याचा अर्ज आला आणि ते म्हणाले, "चार लिही." आकडा फुगवलेला आहे, हे छोटीला तेव्हाही कळत होतं. तरी तिने लिहिला, आणि दरवर्षी त्या चार कोटींचा हप्ताही इमानेइतबारे भरला. मिरवण्याचं भाडंच म्हणा ना.

आता पदरमोड करून छप्पर घालायचं. पदरात काय आहे, तेही तिला ठाऊक होतं. हे ऐकून धसका बसायला हवा होता, पण बसला नाही. सर्व्हेअरची टेप नीट गुंडाळली जात नव्हती, तेवढं तिने पाहिलं.

"तुमचा विमा उद्या संपतोय," जाताना तो दारात म्हणाला. "वादळं अजून दोन महिने चालतील. या वेळी आकडा नीट लिहा."

तो गेल्यावर तिने नवा अर्ज भरला. किंमत अडीच कोटी. सही मालकाची लागायची. बाबा झोपून उठले, चष्मा लावून टेबलाशी बसले. वाचल्याशिवाय ते सही करत नसत. त्या आकड्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"चुकलीस."

"नाही बाबा." तिने सर्व्हेअरचं सगळं बोलणं सांगितलं, वीस लाखांसकट. आवाज शेजारणीची हकिगत सांगावी तसा निघत होता.

बाबांनी आकड्यावरून बोट उचललं.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होता."

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"मग आणखी थोडे दिवस खूश राहू द्यायचं होतंस," ते म्हणाले आणि अडीच कोटींच्या खाली सही केली.