अकरा फेब्रुवाऱ्या

खुशाल गुरुजी अर्जुनी मोरगावच्या एका शाळेत भूगोल शिकवत. हवा म्हणजे या घडीची स्थिती आणि हवामान म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी, हे ते फळ्यावर दोन रकाने आखून समजावत. घरच्या अंगणात त्यांनी पर्जन्यमापक बसवला होता. अकरा वर्षांचा पाऊस वहीत होता. ते बाहेरगावी गेले की नोंद त्यांची बायको प्रेमिला घेई. चौथी शिकलेली, पण आकडा कधी चुकली नाही.

त्या फेब्रुवारीत बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, लाखोळीची डाळ उपटायला आली होती. सकाळी डोक्याला फडकं बांधून प्रेमिला दारात थांबली.

"चेतनाचे बाबा, आभाळ भरून रायलं. जाऊ का नोको जाऊ?"

गुरुजी दाढी करत होते. पहाटेच मोबाईलवर विजांचा इशारा आला होता. त्यांनी तो वाचला होता. पण असे इशारे वरचेवर येत आणि अंगणात टिपूसही पडत नसे.

"फेब्रुवारीत कायचा पाऊस? अकरा वर्षांत या आठवड्यात एक थेंब नाही. जा बिनधास्त."

ती गेली.

दुपारी दोनला ते वर्गात होते. सकाळपासून बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येत होता. त्याला उत्तरेची थंड हवा भिडली की काय होतं, हे त्यांनी कितीदा तरी बाण काढून शिकवलं होतं. एकाएकी खिडक्या आपटल्या, विजा कडाडल्या, पत्र्यावर गारा तडतडू लागल्या. गुरुजींनी खडू ठेवला आणि कोणाला न सांगता मोटरसायकल काढली.

बांधीच्या कडेला धुऱ्यावर मोहाचं झाड होतं, वीज पडून त्याचं खोड चिरलं होतं. त्याखाली शेजारची रुख्मा चिखलात बसली होती आणि प्रेमिलाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. प्रेमिलाच्या मुठीत अजून लाखोळीचे वेल होते. गुरुजींनी तिला हाका मारल्या, हातपाय चोळले. मग गारांमध्ये तसेच बसून राहिले.

मुलगी चेतना नागपूरला नर्स होती, ती त्याच रात्री आली. भेटायला येणारे सगळे म्हणत, "नशीब." गुरुजी मान हलवत. सकाळचं ते बोलणं आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं त्यांना वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी रुख्मा आली. चेतनाजवळ बसून रडत म्हणाली, "मी म्हटलं होतं पोरी, हवा बरी नाई, घरी चाल. तर तुही माय हासली. म्हणे, गुरुजीनं अकरा वर्षाचं पाणी लिहून ठेवलं हाये, त्यायनं सांगतलं म्हंजे येत नाई."

तिच्या मनात दोष देण्याचं काही नव्हतं. चेतनानं बापाकडे पाहिलं.

"बाबा, मोबाईलवर इशारा नव्हता आला?"

"आला होता."

"वाचला होता?"

"हो."

चेतना उठून आत गेली. तेरवी होईपर्यंत ती त्यांना वेळेवर जेवायला वाढत राहिली, पण बोलली नाही. जाताना पाया पडली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं मागे पाहिलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी पुन्हा ढग आले. रुख्मा आणि आणखी तिघी चण्याच्या कापणीला निघाल्या होत्या. गुरुजी अनवाणीच धावत त्यांच्या आडवे आले.

"आज नोका जाऊ. हात जोडतो, नोका जाऊ."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि परत फिरल्या. गुरुजी दिवसभर ओट्यावर आभाळ बघत बसले. दहापर्यंत ढग विरले. दुपारी कडक ऊन पडलं, आणि पाऊस आलाच नाही.

संध्याकाळी ते रुख्माच्या दारात गेले.

"माझ्यामुळं तुमची मजुरी बुडली."

रुख्मा भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "काऊन मनाले लावून घेता, गुरुजी? एक दिवसच त गेला. उद्या जाऊ."

एक दिवसच. प्रेमिलाचाही तेवढाच बुडला असता. गुरुजी तिथंच पायरीवर खाली बसले. प्रेमिला गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. आता ते मोठ्यानं रडू लागले. रुख्मा राखेच्या हातांनी तशीच उठली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.