बिनआवाजाची उडी

ईरज पहिलवानाने शेवटी उडी मारली. दोन्ही पाय तालमीतल्या खोलगट हौदाच्या विटांवरून सुटले, पाठीतल्या सळयांसकट सगळा माणूस वर गेला आणि सगळाच्या सगळा खाली आला. काही मोडलं नाही, काही निसटलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आता ते घडलंच नाही असं धरून पुढे चालू, कारण इराणातल्या बोरुजर्दच्या त्या जोरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाने तसंच धरलेलं आहे आणि एवढ्या दणकट माणसांशी वाद कोण घालणार?

ईरजचं काम लोकांच्या घरी फ्रिज पोचवायचं. ज्या इमारतीला लिफ्ट नसते, तिथल्याच माणसांना सगळ्यात मोठा फ्रिज लागतो, असा त्याचा पुष्कळ वर्षांचा अनुभव. असल्याच एका फ्रिजने जिन्याच्या वळणावर त्याच्या कमरेतला एक मणका दुसऱ्याच्या पुढे सरकवला. डॉक्टरांनी सळया आणि स्क्रू घालून दोघांना कायमचं जखडून टाकलं आणि म्हणाले, "हे आता मरेपर्यंत एकत्र राहणार."

त्याची बायको आफाक शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "चला, घरात कुणाचा तरी संसार पक्का झाला."

मग ईरज पडून राहिला. खिडकीबाहेर गल्ली आणि गल्लीपलीकडे जोरखान्याची मागची भिंत. शुक्रवारी सकाळी मुर्शद नुस्रतचा, म्हणजे कवनं गाऊन व्यायामाला ताल देणाऱ्याचा, ढोल सुरू व्हायचा. आधी जोर, मग मुद्गल, आणि शेवटी उड्या. हौदातले सगळे एकदम वर जायचे आणि एकदम खाली यायचे. तो ठोका गल्ली ओलांडून यायचा, पलंगाच्या पायातून वर चढायचा आणि ईरजच्या उशापाशी ठेवलेल्या चहाच्या ग्लासातला चमचा किणकिणायचा. ईरजला पदकं नको होती, गिरक्या नको होत्या. मुद्गल तर त्याला पहिल्यापासून फ्रिजचे नातेवाईक वाटायचे. त्याला फक्त त्या ठोक्यात पुन्हा स्वतःचे पाय हवे होते. मागच्या कडेला, शाहवीर खाटकाच्या शेजारी त्याची जागा होती. ठोक्यात आपले पाय नाहीत हे त्याला पलंगावरून कळायचं, जेवणात मीठ नसल्यासारखं.

व्यायाम शिकवायला मेहलका खानम यायची. जेमतेम त्याच्या छातीपर्यंत उंची, पण तिच्यापुढे ईरज शाळेतल्या पोरासारखा वागायचा. तिने त्याला बेंबी आत ओढून श्वास घ्यायला शिकवलं, खुर्चीवरून उठायला शिकवलं, टाचा उचलायला शिकवलं. टाचा उचलण्यात अख्खा हिवाळा गेला. ईरजला थकवा यायचा तो व्यायामाचा नाही. एवढं करून अजून आपण टाचांवरच आहोत, त्याचा.

मग एकदा एक्स-रेचा नवा फोटो उजेडापुढे धरून ती म्हणाली, "हाड जुळलंय. उड्या चालतील."

"खरंच?"

"खरंच. पण उडी अशी मारायची, की खालच्या मजल्यावर बाळ झोपलं असेल तर उठता कामा नये. असं करता करता वाढवायची. पुढे बाळ उठलं तरी चालेल."

ईरज शुक्रवारी जोरखान्यात गेला. तिथलं दार मुद्दाम बुटकं ठेवलेलं. राजा असो की हमाल, वाकल्याशिवाय आत येता येत नाही. ईरजची कंबर आता वाकायच्या कामातून निवृत्त झालेली. तो गुडघे मुडपून, छाती ताठ ठेवून, बदकासारखा आत आला.

"हे बघा," शाहवीर म्हणाला, "मोठा मान घेऊन आलाय. दारालाच वाकायला लावतोय."

मुर्शदने वरच्या चौथऱ्यावरून ईरजसाठी मानाची घंटा वाजवली. सगळ्यांनी त्याला छातीशी धरलं, पण काचेचं सामान धरावं तसं. ईरज मागच्या कडेला आपल्या जागेकडे निघाला, तेवढ्यात आगा लुत्फअलींनी त्याला अडवलं. आगा लुत्फअली म्हणजे डाळींचे ठोक व्यापारी आणि हौदाचे म्होरके. म्होरक्या मध्यभागी उभा राहतो. तो जे करील ते बाकीच्यांनी करायचं, तो थांबेल तेव्हा थांबायचं. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "पहिलवान, तुम्ही परत आलात. मधली जागा तुमची."

आता ही रीत. पाहुणा आला, आजारातून कुणी उठून आला, की मधली जागा त्याला देऊ करायची. त्याने म्हणायचं, छे छे, तुमच्यापुढे मी कोण. मग पुन्हा आग्रह, पुन्हा छे छे, मग शपथा, आणि शेवटी ज्याची जागा त्याच्याकडेच राहते. अशा आग्रहाला हो म्हणालेला माणूस बोरुजर्दमध्ये कुणी पाहिलेला नव्हता. टॅक्सीवालासुद्धा आधी 'राहू द्या, तुमच्याकडून काय घ्यायचं' म्हणतो आणि मग दुप्पट घेतो.

पण ईरज थकला होता. टाचा, खुर्ची, बेंबी, बुटकं दार. त्याच्यात छे छे म्हणायचं बळ उरलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

ढोलावरचा हात थांबला. आगा लुत्फअलींचा हात छातीवरच राहिला, कारण पुढे तो कुठे न्यायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग ते बाजूला झाले आणि ईरज मध्यभागी जाऊन उभा राहिला. आपण काय केलं हे त्याला तिथे पोचल्यावर कळलं. भोवती सगळे धिप्पाड गडी, भरतकामाच्या चड्ड्या घालून, त्याच्याकडे बघत.

त्याला येत होतं ते त्याने केलं. बेंबी आत ओढली.

सगळ्यांनी बेंबी आत ओढली. काहींना ती शोधायलाच वेळ लागला. मुर्शदने क्षणभर विचार केला आणि सेना रणांगणात उतरते तेव्हाचं कवन सुरू केलं. त्या कवनावर ईरजने टाचा उचलल्या, सगळ्यांनी उचलल्या. तो पाठीवर निजला आणि कंबर वर केली. शाहवीर खाटीकही निजला आणि तिथूनच म्हणाला, "ईरज, माझ्या बायकोला हे सांगू नकोस." शेवटी उड्या. ईरजने बाळ न उठणारी उडी मारली. सगळ्यांनी बाळ न उठणारी उडी मारली. मांजरांचं लग्न असावं तसा हौद गप्प.

घरी आफाकने विचारलं, "आज जोरखाना बंद होता का? काही ऐकू आलं नाही."

पुढच्या शुक्रवारी ईरज लवकर गेला आणि आगा लुत्फअलींना म्हणाला, "आगा, मागच्या वेळी चूक झाली. ही जागा तुमची. मला मागे जाऊ द्या."

"छे छे," आगा म्हणाले. "तुमच्यापुढे मी कोण?"

"खरंच सांगतो."

"ते तर सगळेच सांगतात." मग आगांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "पहिलवान, किती वर्षं झाली, मी शुक्रवारनंतर शनिवारी मोजे घालू शकत नव्हतो. या शनिवारी घातले. स्वतःच्या हाताने. गुपचूप मध्ये जा."

शाहवीरचा खांदा दुखायचा थांबला होता, कुणाचा गुडघा, कुणाची मान. इतकी वर्षं प्रत्येक जण दुखणं लपवून, दुसऱ्याकडे बघून उडत होता. ईरजने नकार दिला की ते म्हणत, केवढा नम्र माणूस. त्याने शपथ घेतली, तर त्यांनी मोठी शपथ घेतली. एकदा तो चिडून ओरडला, "मला ही जागा नकोय." तेव्हा मुर्शदचे डोळे भरून आले. असा विनय आजकाल बघायला मिळत नाही, म्हणाला. खरा नकार आणि रीतीचा नकार दिसायला सारखेच असतात, आणि ईरजकडे तिसरा प्रकार नव्हता.

शुक्रवारमागून शुक्रवार गेले. मेहलका खानमने तपासून सांगितलं, पाठ उत्तम आहे, आता मोकळेपणाने उडा. पण म्होरक्या मोकळेपणाने उडाला तर सगळ्यांना उडावं लागणार, आणि ते आता कुणालाच नको होतं. ईरज ज्यासाठी परत आला होता, ते त्यानेच बंद पाडलं होतं. आता पलंगावर पडून राहिला असता, तरी चमचा किणकिणला नसता.

म्हणून एका शुक्रवारी, कवन ऐन भरात असताना, त्याने उडी मारली. गुडघे छातीपर्यंत, दोन्ही टाचा विटांवर, जुन्या पद्धतीची. हौदात एक ठोका वाजला. ईरज थांबला. पाठीत काही झालं नाही. तो बाकीच्या पायांची वाट बघत राहिला.

शाहवीर चड्डीची नाडी बघत होता. आगा लुत्फअली छताकडे बघत होते. तिथे एक पंखा होता, तोही बंद. मुर्शदने दोन मात्रा गाळल्या आणि जिथे टाचा उचलायच्या तिथून पुन्हा सुरुवात केली. भर मजलिशीत कुणाच्या पोटातून आवाज यावा आणि सगळ्यांनी गालिच्याची तारीफ सुरू करावी, तसं झालं. मग सगळ्यांनी टाचा उचलल्या. ईरजनेही उचलल्या.

घरी त्याने आफाकला विचारलं, "आज ठोका ऐकलास?"

"ऐकला. म्हटलं कुणाचं तरी कपाट पडलं." तिने चहा पुढे ठेवला. "तू होतास?"

"मी होतो."

"एकटाच?"

त्याने मान डोलावली. मग कागद ओढून घेतला आणि जिल्हा क्रीडा समितीला लिहायला बसला. समितीचे अध्यक्ष आगा लुत्फअलीच होते, पण अर्ज करायचा तर त्यांच्याकडेच करावा लागतो. आफाक खांद्यावरून वाचत होती.

"महोदय, अर्जदाराने सदर हौदात उच्चारलेला 'बरं' हा शब्द केवळ थकव्यापोटी उच्चारलेला असून तो मागील तारखेपासून रद्दबातल समजण्यात यावा. अर्जदाराचे आजवरचे सर्व नकार हे विनय नसून नकारच होते, अशी नोंद घेण्यात यावी. तसेच अर्जदारास म्होरकेपदावरून तात्काळ खाली उतरवून मागील कडेला, खाटीक शाहवीर यांच्या डाव्या हातास, पूर्ववत जागा देण्यात यावी, आणि आठवड्यातून निदान एकदा सर्व सभासदांनी अर्जदारासोबत एकाच वेळी, आवाज होईल अशा रीतीने जमिनीवर उतरावे, असे आदेश देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती."