मीच बघतो सगळं

धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्राच्या ग्रंथालयात पुस्तकांची कपाटं जाऊन संगणक आले, तेव्हा ग्रंथपाल प्रेमानंद सरांनी नवा चष्मा घेतला. संगणक मात्र शिकले नाहीत. प्रबंध स्कॅन करून साइटवर चढवायचे, संशोधकांना लॉगिन द्यायचं, ही कामं कंत्राटावरची सोनाली करायची. जळकोटहून रोज एसटीनं यायची. सर तिच्या मागं उभं राहून मान डोलवायचे.

उन्हाळ्यात विद्यापीठाची समिती आली. डिजिटल ग्रंथालयाला पुढं किती माणसं लागतील, कुठल्या जागा कायम करायच्या, हे ठरवायला. सोनालीची जागा कायम व्हायची तर तेव्हाच होणार होती.

"हे ऑनलाइनचं कोण बघतं?" अध्यक्षांनी विचारलं.

सोनाली चहा सांगायला बाहेर गेली होती. सरांच्या तोंडून निघून गेलं, "मीच बघतो सगळं."

या वयात एवढं शिकलात, म्हणून अध्यक्षांनी पाठ थोपटली. उभ्या नोकरीत कुणी सरांची पाठ थोपटली नव्हती. एका माणसात भागतंय म्हटल्यावर समितीनं दुसरी जागा धरलीच नाही. सर काही खुळे नव्हते; सोनालीची जागा गेली, हे त्यांना तिथंच कळलं. खरं सांगायला वेळही होता, पण जीभ रेटेना.

आज सोनालीचं कंत्राट संपलं. साइटचं मुख्य खातं सरांच्या ताब्यात द्यायला तिनं आपली खुर्ची त्यांना दिली. टेबलावर फडक्यात बांधलेले धपाटे ठेवले.

"आईनं दिलेत, सर. म्हणली, सरांनी तुझ्यासाठी बोलून तरी बघितलं असंल. दुसरं कोण हाय आपलं तिथं?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"न्हाय बोललो गं मी. कोण बघतं म्हणून विचारलं, तर मीच बघतो म्हणलो. तुझं नावसुद्धा घेतलं न्हाय."

तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण तिनं पडद्यावर नव्या पासवर्डची चौकट उघडून दिली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"टाका, सर. दुसऱ्यानं बघायचं नसतं."

सरांनी एकेक अक्षर शोधून दाबलं. चौकट लाल झाली. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. शरमेनं कान तापले. पण विचारणार कुणाला?

"सोनाली," ते खालमानेनं म्हणाले, "हे घेत का न्हाय गं?"

"एखादा आकडा घाला त्यात, सर," ती भिंतीकडं बघतच म्हणाली.