डोनटसाठी एक रिबाउंड

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहायला बसलो, दोनदा पुसून टाकलं. आमच्या मन्सी शहरात कॉर्टेल ब्रिस्कोविरुद्ध बोलणं म्हणजे चर्चमध्ये मोठ्यांदा शिंकरणं, सगळे वळून बघतात. पण काल पेट्रोल पंपावरचा माणूस मला म्हणाला, "तुमच्या त्या उंच ठोंब्यानं हरवलं आपल्याला." तो ठोंब्या माझा मित्र आहे. म्हणून आता घ्या.

आधी माझं काम सांगतो. आमच्या शहराची बास्केटबॉलची व्यावसायिक टीम आहे, मोल्डर्स. घरच्या सामन्यात मैदानाच्या कडेला टेबलाशी आम्ही दोघं बसतो. व्हर्न ऑल्ट बघून बोलतो, मी टाइप करतो. "सात, मिस. चव्वेचाळीस, रिबाउंड." म्हणजे सात नंबरनं मारलेला बॉल हुकला, आणि चव्वेचाळीसनं तो पकडला. मला कुणी शिकवलं नाही, घरी जुने सामने लावून शिकलो. अवघड काही नाही. डोळे लागतात, आणि थोडी लाज लागते. व्हर्नकडे डोळे आहेत.

सात नंबर म्हणजे ब्रिस्को. खेळतो छान, खोटं कशाला बोलू. पण बास्केटपेक्षा वरच्या आकड्यांच्या बोर्डाकडे जास्त बघतो. पॉइंट, असिस्ट (म्हणजे बॉल देऊन दुसऱ्याकडून करवलेली बास्केट), रिबाउंड, तिन्हींत दहा झाले की झालं ट्रिपल-डबल. आणि ब्रिस्कोचं ट्रिपल-डबल झालं की कोपऱ्यावरची बेकरी प्रत्येक तिकिटावर एक डोनट फुकट देते. त्यामुळे शेवटच्या क्वार्टरला आमचे प्रेक्षक टीमचं नाव घेत नाहीत. "डोनट! डोनट!" ओरडतात. मोठी माणसं. घरं विकणारी, दातांचे डॉक्टर, एक तर न्यायाधीश आहे.

चव्वेचाळीस म्हणजे ल्युशियस पिकेट. आम्ही शाळेपासून एकत्र. त्याचं काम काय, तर समोरच्या दांडगटांना पाठीनं रेटून बास्केटपासून लांब ठेवायचं. रेटायचं ल्युशियसनं, उचलायचं ब्रिस्कोनं, ही आमच्या टीमची रीतच आहे. "सातला सोडा," कोच स्टाउडर सरावात दिवसभर तेच ओरडतो. जानेवारीत एका उंच पोरानं चुकून ब्रिस्कोचा दहावा रिबाउंड स्वतःच पकडला. तेव्हापासून तो बेंचवर टॉवेलांच्या घड्या घालतोय.

रविवारी दुपारी पिओरिया शहराच्या टीमशी सामना होता. त्याआधी कोचनं ल्युशियसला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा एक उंच माणूस येतोय, जागा एकच आहे, तुझं काय ते आजच्या खेळावर ठरेल.

ल्युशियस बूट बांधायला मुद्दाम आमच्या टेबलापाशी आला.

"विल्क्या, आज माझं नीट लिही रे."

"तू कर, मी लिहितो."

"करतोच तर आहे! पाठ बघ माझी, निळी पडलीय. पाठीचा रकाना नाही का तुमच्यात?"

"नाही."

"मग काय चाटायचंय तुमचं यंत्र?"

व्हर्न चष्मा पुसत हसला. "पोरा, पाठ कुणी तिकीट काढून बघत नाही."

खरंय. पाठीवर डोनट मिळत नाही.

सामना चुरशीचा झाला. शेवटी शेवटी आम्ही दोन पॉइंटनी पुढे, आणि पिओरियाला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे, एकेका पॉइंटचे. ब्रिस्कोचे रिबाउंड नऊ. बोर्डावर तो नऊ दिवाळखोर दुकानाच्या पाटीसारखा लुकलुकत होता. माइकवाला बोंबलतोय, "फक्त एक!" लोक उभे. पहिला फ्री थ्रो आत गेला. आता पुढे फक्त एकानं. आणि आमचेच लोक आनंदात, कारण दुसरा हुकला तर डोनट!

दुसरा हुकला.

ल्युशियसनं दोन माणसं पाठीवर घेतली. दोन. बॉल त्याच्या छातीसमोर पडला, अलगद, कुणी वाढून ठेवावा तसा. त्याचे हात वर गेले. आमचा अख्खा बेंच किंचाळला, "सोड! सोड! सातला सोड!" कोचसकट. टॉवेलवालासुद्धा.

आणि त्यानं हात मागे घेतले.

ब्रिस्को कुठे होता? लांब उभा, बोर्डाकडे बघत. धावत आला तो दिमाखात, फोटो नीट यावा अशा बेतानं. तेवढ्यात पिओरियाचा एक बुटका सगळ्यांच्या काखेखालून घुसला, बॉल उचलला, बास्केटमध्ये टाकला. भोंगा वाजला. एकानं हरलो.

कुणाला वाटेल, आता तरी लाज वाटेल. ब्रिस्को घाम पुसत थेट आमच्या टेबलाशी.

"व्हर्न, दुसऱ्या क्वार्टरचा तो एक बघा ना. तो माझा होता."

सामना संपला की चुका दुरुस्त करायला आम्हाला थोडा वेळ असतो. व्हर्ननं व्हिडिओ मागे नेला. बॉल ल्युशियसच्या दोन्ही हातांत. त्याआधी ब्रिस्कोचं एक बोट बॉलला चाटून गेलेलं.

"हं," व्हर्न म्हणाला. "ताबा आधी सातचा दिसतोय."

"ताबा? व्हर्न, त्याचं नख लागलंय!"

"बदल."

"नाही बदलत. आज ल्युशियसची जागा जातेय, तुम्हाला माहितीय."

"आणि बाहेर लोक तिकिटं धरून उभेत, ते तुला माहितीय. सरक."

मी सरकलो नाही. त्यानं माझ्या अंगावरून हात घालून स्वतःच दोन बटणं दाबली. ल्युशियसचे चार होते, तीन झाले. ब्रिस्कोचे दहा. माइकवाल्यानं जाहीर केलं आणि हरलेल्या टीमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रांग लागली. न्यायाधीश सगळ्यात पुढे, ओठांवर साखर.

सोमवारी सकाळी ल्युशियस मला हायवेवरच्या हॉटेलात भेटला. गाडीत त्याचं सगळं सामान. त्यानं टेंडरलॉइन सँडविच मागवलं, त्यातला तळलेल्या मांसाचा तुकडा बनच्या बाहेर चहूकडून लोंबत होता.

"काय म्हणाला कोच?"

"म्हणाला, एवढा उंच माणूस, बावीस मिनिटं खेळतो आणि रिबाउंड तीन? आणि तो शेवटचा का नाही पकडलास?"

"'तुम्हीच सोड म्हणून ओरडत होतात', असं म्हणायचंस ना त्याला!"

"म्हटलं. तर म्हणे, मी सामान्य सूचना देत होतो."

मला इतका संताप आला की माझी कॉफी टेबलावर सांडली. ल्युशियस हसत हसत पुसायला लागला. "पूस, पूस. टॉवेलची नोकरी तुला लागेल आता."

मग त्यानं सांगितलं. पहाटेच पिओरियाच्या कोचचा फोन आला होता, आमच्याकडून खेळशील का म्हणून. दोन माणसं पाठीवर घेतलेली त्या कोचनं बघितली होती.

"आकडे नाही विचारले?"

"एकच विचारलं. बॉल समोर पडला तर घेशील का?"

"मग?"

"म्हटलं, घेईन. आता कुणाच्या बापाला सोडत नाही." त्यानं उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं. "मार्चमध्ये आम्ही इथं येतोय. टेबलाशी तूच ना?"

"व्हर्ननं हाकललं नाही तर."

"मग एक शब्द दे. मी पकडला तर लिही. नाही पकडला तर माझ्या तोंडाकडे बघून देऊ नकोस. मी रडलो तरी."

"आणि ब्रिस्को?"

"त्यानं पकडलेला त्याला दे की. कमी कशाला करतोस? आपण काय व्हर्न आहोत?"

मी त्याचा हात धरला, तेलकट होता, तसाच धरला. "दिला शब्द," मी म्हटलं. "तुला एक फुकट नाही, त्याला एक फुकट नाही. आणि व्हर्नचा हात परत माझ्या कीबोर्डवर आला, तर तो उचलून डोनटच्या खोक्यात ठेवीन."