मला राग येत नाही

गणवेश शिवायच्या कारखान्यात तिला सगळे शांताबाई म्हणत. खरं नाव वेगळंच. पण वीस वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. एकदा शेजारच्या मशीनवरच्या बाईने चाळीस कॉलर उलट्या जोडल्या आणि खापर हिच्यावर फोडलं. हिने मुकाट्याने सगळ्या उसवल्या, पुन्हा शिवल्या आणि उठताना धाप लागून खाली कोसळली. तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

"त्या बाईचा राग नाही आला?" त्यांनी विचारलं.

"मला राग येत नाही. राग यायचा बाबांना. आईचा हात दोनदा मोडला त्या रागाने."

"रागाने मोडला, की बाबांनी?"

तिने पदराची निघालेली दशी तोडली.

"राग येणं वेगळं आणि हात उगारणं वेगळं, ताई. तुम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलंय. राग आला तर नुसतं तसं सांगताही येतं."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा हिच्याकडेच होते; अंथरुणाला खिळलेले, कालचं आज न आठवणारे. रविवारी दुपारी ती त्यांना भरवायला बसली. पहिल्याच घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"आळणी. तुझ्या आईच्या हाताला चव होती."

तिने चमचा ताटलीत ठेवला. कानशिलं तापली. दोन्ही हात तिने मांडीवर घट्ट दाबून धरले.

"बाबा, तुम्ही आईला मारायचात. मला त्याचा राग येतो. लहानपणापासून येतो."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "मी? तिला?" मग खोलीभर नजर फिरवत म्हणाले, "आहे कुठे ती? बोलव. तीच सांगेल."

तिने त्यांचं तोंड पुसलं आणि उरलेलं भरवलं.

"बोलले मी," पुढच्या भेटीत ती म्हणाली. "पण फार उशीर केला. ऐकायला कुणी उरलंच नव्हतं."

बाईंनी समजूत घातली नाही. "आता काय वाटतंय?"

"राग येतोय." मग खाली बघत ती म्हणाली, "आईचाही येतोय. मला घेऊन ती निघून का नाही गेली?"

हे तिने कधी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. मग ती रडायला लागली. बाहेर पुढचा माणूस ताटकळत होता. बाईंनी तिला उठवलं नाही.