न टोचणारं म्यान

मी एक जुनं म्यान आहे. तलवारीचं नव्हे मित्रांनो, तेवढं भाग्य कुठलं! मी पिस्तुलाचं म्यान. तेही पट्ट्याला बाहेरून लटकून मिरवणारं नाही. विजारीच्या आत, कमरेच्या मांसाला चिकटून, शर्टाखाली लपून राहणारं. माझी अकरा वर्षं एका माणसाच्या उजव्या कुल्ल्यावर गेली. ते सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती सांगितल्याशिवाय आता गत्यंतर नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या डोंगरातला. ऑर्विल टीग नावाचा म्हातारा तिथे खोगिरं करायचा. खोगिरांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा तो पट्टे आणि म्यानं करू लागला. त्याने बैलाच्या पाठीचं जाड कातडं पाण्यात भिजवलं, पिस्तुलाभोवती ताणून बसवलं, हाडाच्या पट्टीने दाबून दाबून आकार काढला आणि मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले. वाळल्यावर मी असा खणखणीत झालो की पिस्तूल काढून घेतलं तरी माझं तोंड उघडंच्या उघडं. ऑर्विलने त्यात बोट घालून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. म्यानाचं सगळं मोल त्या उघड्या तोंडात असतं. पिस्तूल बाहेर काढताना म्यानाला फारसं काम नसतं. परत घालताना मात्र वाट मोकळी हवी आणि चापाला कशाचाही धक्का लागता कामा नये.

मला घेतलं वेंडेल प्रूइटने. गवत कापायची यंत्रं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. हात काळे, पोट मोठं, मन साधं. त्याच्या घरी माझ्याआधी म्यानांचा एक खणच भरला होता. आमच्याकडे पिस्तूल बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असा खण असतो. एक म्यान वाकलं की बरगडीत घुसायचं, एक घामाने चिकटायचं, एकाची पकड ढिली. एक तर पोटाच्या पुढे घालायचं होतं. ते घालून वेंडेल चर्चला गेला, आणि घरी आल्यावर बायको नोरीन हसून हसून खुर्चीत कोसळली.

"अरे, सबंध प्रार्थनेत तू मुंग्या चावल्यासारखा वळवळत होतास! देवाला वाटलं असेल, बरं झालं, याला एकदाचा पश्चात्ताप झाला."

चर्चला पिस्तूल कशाला, असं तुम्ही विचाराल. तर आमच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी चार राखणदार नेमले होते. चौघांनी शेवटच्या बाकावर बसायचं, दारावर नजर ठेवायची आणि कमरेला काय आहे ते कुणाला कळू द्यायचं नाही. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. भर थंडीत शर्ट बाहेर सोडून बसलेले चार म्हातारे दुसरे कोण असणार? वेंडेल त्यांतला एक, आणि त्याच्या शेजारी बसणारा हार्लन बिग्ज दुसरा. हार्लन स्वभावाने देवमाणूस. कुणाचं छप्पर गळलं की शिडी घेऊन हाच आधी हजर.

पहिले पंधरा दिवस मीही वेंडेलला छळलं. त्याने दोन इंच मोठ्या विजारी घेतल्या, जाड पट्टा घेतला, आणि नेटाने मला वागवलं. मग त्याच्या अंगाची ऊब आणि घाम मुरत मुरत मी नरम पडलो. त्याच्या कमरेचा बाक माझ्यात उतरला. एके दिवशी जेवणं चालली होती, चर्चच्या मागच्या खोलीत, हॅम आणि घेवड्याच्या शेंगांची, आणि वेंडेल सगळ्यांदेखत म्हणाला, "अरे, हे घातलंय तेच विसरलो होतो मी!" हार्लन म्हणाला, "नशीबवान आहेस लेका. माझं तर रोज बाभळीच्या काट्यासारखं टोचतंय." मित्रांनो, त्या दिवशी मी फुगलो. फुगायला नको होतं.

कारण कातडं नरम पडायला लागलं की कुणी सांगितलं म्हणून थांबत नाही. सातव्या-आठव्या वर्षी माझं तोंड मिटायला लागलं. पिस्तूल बाहेर आलं की माझे ओठ एकमेकांवर पडायचे. वेंडेल मग पिस्तुलाच्या नळीनेच ते उचकटायचा आणि आत ढकलायचा. थोडं अडायचं, थोडा जोर लागायचा. त्याला त्या अडण्याची सवय झाली. अडतं ते अडतं, असं तो धरून चालला.

त्याच सुमाराला नोरीनची मूत्रपिंडं निकामी झाली. साखरेने डोळेही गेले होते जवळजवळ. आठवड्यातून तीन दिवस रक्त शुद्ध करायला तिला शहरातल्या केंद्रात न्यावं लागे. जायला बेचाळीस मैल, यायला बेचाळीस. मुलगी शेल्बी चार तासांवर, तुल्साला. बस नाही, काही नाही. नोरीनला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे हिशेब सरळ होता. वेंडेलचा उजवा पाय पिकअप गाडीच्या पेडलवर होता, तोवर नोरीन जिवंत होती.

केंद्राच्या दारावर पिस्तुलाचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती. आत शस्त्र न्यायची मनाई. मग वेंडेल काय करायचा? गाडीत बसल्या बसल्या पिस्तूल माझ्यातून उपसायचा, दोन आसनांमधल्या पेटीत ठेवायचा, आणि नोरीनला धरून आत न्यायचा. मी रिकामा, मिटलेला, त्याच्या कमरेलाच. मला पिस्तुलासकट काढून ठेवायचं तर पट्टा सोडावा लागला असता, पोट आत घ्यावं लागलं असतं. तेवढा कंटाळा कोण झटकतो? निघताना पिस्तूल पुन्हा माझ्यात. बसूनच. न बघताच. पोट मध्ये असताना बघणार तरी कसा?

एकदा माझा एक टाका उसवला म्हणून त्याने मला ऑर्विलकडे नेलं. ऑर्विल तेव्हा पंच्याऐंशीचा होता. त्याने टाक्याकडे पाहिलंच नाही. दोन बोटांनी माझं तोंड दाबलं आणि ते पटकन मिटलेलं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मेलंय हे," तो म्हणाला. "कापून टाक. कुत्र्याला चघळायला दे."

"असं काय बोलतोस, तूच तर केलंस ना! म्हणाला होतास, जन्मभर जाईल."

"हो. त्याचा जन्म संपला. हा ओठ बघ, आत दुमडतो. दुमडून चापात अडकला आणि तू वरून रेटलंस, तर बोटाची गरजच नाही. आणि गाडीत बसून पिस्तूल काढत-घालत असशील तर आधी ते बंद कर. म्यानासकट काढत जा, गाढवा."

ऑर्विलने पैसे न घेता नवीन म्यान करून दिलं. त्याच्या तोंडाला आतून पोलादाची पट्टी घातली, कधी मिटू नये म्हणून. नोरीनलाही फोन करून सगळं बजावलं. मला वाटलं, सुटलो. खरंच सांगतो, मला कुत्र्याने चघळलं असतं तर आनंद झाला असता.

पण नवं म्यान नवं होतं. पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी मैलांत ते वेंडेलच्या कुल्ल्यात रुतलं. दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटली. तिसऱ्या दिवशी नोरीनला गाडीतच उलट्या झाल्या, रस्त्यात तीनदा थांबावं लागलं, आणि प्रत्येक वेळी उतरताना-चढताना ते त्याला टोचत होतं. घरी आल्यावर त्याने ते काढून खणात फेकलं.

"थंडी पडली की घालीन," तो म्हणाला.

"म्हाताऱ्या," नोरीन पलंगावरून म्हणाली, "मला तुझ्या पायाची गरज आहे हो. देखणा नाहीस तू, ते मी चालवून घेतलं. लंगडा झालास तर कोण नेईल मला?"

"घालीन म्हटलं ना."

थंडी पडली. ऑर्विल नाताळच्या आधीच गेला. वेंडेल त्याच्या अंत्यविधीलाही मलाच घालून उभा राहिला.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. आत परिचारिका नोरीनच्या हातातल्या सुया काढत होत्या आणि वेंडेल गाडी दाराशी घ्यायला आला होता. अंगात जाड कोट. त्याने पेटीतून पिस्तूल घेतलं, डावीकडे कलला, कोट मागे सारला आणि नळीने माझं तोंड उचकटलं. माझा ओठ आत दुमडला. मला कळलं. मित्रांनो, मला कळलं होतं! कातड्याला ओरडता येत नाही. पिस्तूल अडलं. ते रोजच अडत असे. वेंडेलने रेटलं.

गोळी मांडीचं हाड आणि मोठी रक्तवाहिनी घेऊन गेली. वेंडेल आधी ओरडला नाही. त्याने खाली हात घातला, चापात अडकलेली माझी दुमड दोन बोटांनी ओढून काढली आणि सपाट केली. मगच तो ओरडला. केंद्रातल्या दोन परिचारिका धावत आल्या, पट्टा आवळून बांधला, म्हणून जीव वाचला. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

"आपोआप उडालं," त्याने पोलिसांना सांगितलं. "पिस्तूलच खराब निघालं." चर्चमधले सगळे हळहळले. पिस्तुलं हल्ली कशी भंगार येतात यावर तासभर बोलले. नोरीनने एकदाच विचारलं, रुग्णालयात, त्याचा हात चाचपून धरत.

"म्यान होतं का रे ते?"

"नाही ग. म्यानाचं काही नाही."

तिने हात सोडला नाही. पुन्हा विचारलंही नाही.

पहिल्या महिन्यात गावाने नोरीनला न्यायची यादी केली. मंगळवारी हार्लन, गुरुवारी पास्टरची बायको, शनिवारी कुणी ना कुणी. माणसं चांगली होती. पण चांगल्या माणसांनाही गवत कापायचं असतं, नातवंडं असतात, पाठदुखी असते. एप्रिलात शनिवार चुकू लागले. जूनमध्ये गुरुवार. हार्लनने मात्र एकही मंगळवार चुकवला नाही. शेल्बी म्हणत होती, दोघं तुल्साला चला. नोरीन म्हणायची, "याचा लाकडी पाय बसू दे, मग बघू." तिच्या पायांवर सूज चढली, मग छातीत पाणी भरलं. ऑगस्टमध्ये एका रविवारी, चर्चची घंटा वाजत असताना, ती गेली.

सप्टेंबरात शेल्बीने घर विकायला काढलं. अंगणात टेबलं मांडून सामान ठेवलं. यंत्रांचे सुटे भाग, नोरीनची केकची भांडी, रजया. पोलिसांनी परत दिल्यावर वेंडेलने मला त्याच खणात कोंबलं होतं. शेल्बीला कोणतं म्यान कोणतं काय ठाऊक! तिने सबंध खण टेबलावर उपडा केला. काळ्या कातड्यावर डाग दिसत नाहीत. माझा तळ आधीपासूनच उघडा, त्यामुळे गोळीने मला ओरखडासुद्धा नाही.

हार्लन आला. एकेक म्यान कमरेला लावून पाहू लागला. ऑर्विलचं ते नवं, पोलादी पट्टीचं, त्याने घातलं, खुर्चीवर बसून पाहिलं, आणि "आई ग!" म्हणून लगेच काढलं. मग मला उचललं. बसला, वाकला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"वेंडेल, हे कसं आहे रे?"

वेंडेल चाकांच्या खुर्चीत, अक्रोडाच्या झाडाखाली बसला होता. त्याने मला ओळखलं. ओळखणार नाही कसा? ऑर्विल गेला, नोरीन गेली. खरं ठाऊक असलेले दोघेच उरलो होतो, आणि दोघांतल्या एकालाच वाचा होती. त्याने फक्त एवढं म्हणायचं होतं, हार्लन, ते टाकून दे, माझा पाय त्याने घेतला. पण ते म्हटलं की शेल्बी विचारणार, तुला आधी ठाऊक होतं का, बाबा? मग ऑर्विलचं बोलणं सांगावं लागणार, मग खणातलं नवं म्यान, मग नोरीन. त्याचे ओठ हलले. मी सगळ्या टाक्यांनिशी वाट पाहत होतो.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "टोचत नाही."

"मग घेऊन जा काका, तसंच," शेल्बी म्हणाली. "आईला इतके मंगळवार नेलंत तुम्ही." आणि तिने मला कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. वेंडेल मान खाली घालून मांडीवरची घोंगडी सारखी करत राहिला.

तर मित्रांनो, माझी विनंती ऐका. अंगाला सुखाची झाली म्हणून कोणतीही जुनी वस्तू जपू नका. तिचं काम ती अजून करते का, ते बघा. करत नसेल तर माया न करता तिला मोडून टाका, आणि जी वस्तू पंधरा दिवस टोचेल तिला पंधरा दिवस द्या. एवढं सांगून मी मोकळा झालो असं तुम्हाला वाटेल. पण हे मी तुम्हाला सांगतोय. हार्लनला कोण सांगणार?

हार्लन रोज दुपारी नातीला शाळेतून आणायला जातो. मुलीचं नाव जूनी, पहिलीत आहे, पुढे आजोबांच्या शेजारी बसायचा तिचा हट्ट असतो. शाळेतही पिस्तूल न्यायची मनाई आहे. म्हणून तो गाडीत बसूनच ते काढतो, तिला वर्गाच्या दारातून घेऊन येतो, तिचा सीटचा पट्टा लावतो आणि पिस्तूल परत माझ्यात रेटतो. न बघता. काल थोडं अडलं. "अडतंय वाटतं," तो स्वतःशी म्हणाला, आणि जरा जोर लावला. उद्या शाळा आहे.